हरिचंद्र भालेरावांचे दहा सेकंद

हरिचंद्र भालेराव नववीपर्यंत शिकले होते आणि टँकर चालवत. मी डिप्लोमा केला होता. एका मोठ्या कारखान्याच्या वायरलेस खात्यात एकोणतीस वर्षं काम करून मी स्वेच्छानिवृत्ती घेतली होती. हे आधी सांगतो, कारण पुढं जे घडलं ते या दोन वाक्यांतल्या फरकामुळंच घडलं. निदान माझ्या बाजूनं तरी.

आम्ही दोघं अंबरनाथला हासानंद शेठच्या कंपनीत होतो. शेठ उल्हासनगरचे. कारखान्यांतून रसायनं भरून नेणारे चौदा टँकर त्यांच्याकडं होते. अंबरनाथच्या कारखान्यांपासून बदलापूरच्या कारखान्यांपर्यंत त्यांच्या दिवसभर फेऱ्या चालत. रस्ता मोठा नव्हता. मधे एका नाल्यावर मोरी होती, म्हणजे जुना अरुंद पूल. तिच्यावरून एका वेळी एकच टँकर जाई. दोन्ही बाजूंना वळण असल्यानं समोरची गाडी मोरीवर चढेपर्यंत दिसत नसे. समोरासमोर आल्या की एकीला मागं घ्यावं लागे, आणि भरलेला टँकर वळणावर मागं घेणं म्हणजे काय ते ड्रायव्हरलाच विचारावं.

जुलै २००५च्या पुरात दोन दिवस सगळे मोबाइल मुके झाले होते. शेठची एक गाडी तेव्हा तीस तास कुठं आहे ते कळलं नव्हतं. त्या धसक्यानं शेठनी सरकारी परवाना काढला, प्रत्येक टँकरमधे एकेक वायरलेस सेट बसवला, एक ऑफिसात, एक स्वतःच्या मोटारीत. ते सगळं सांभाळायला मला ठेवलं. निवृत्तीनंतर घरी बसून माझं मन लागत नव्हतं. पहिल्या दिवशी ऑफिसच्या सेटसमोरच्या खुर्चीवर बसलो तेव्हा बरं वाटलं होतं.

ते बरं वाटणं आठवडाभर टिकलं.

असल्या सेटची एक अडचण असते. बटण दाबून बोलत असताना तुम्हाला दुसऱ्याचं ऐकू येत नाही. दोघांनी एकदम बटण दाबलं, तर बाकीच्यांना फक्त खरखर आणि शिट्टी ऐकू येते, आणि त्या दोघांना वाटतं की आपण सांगितलं. न सांगण्यापेक्षा ते वाईट. चौदा ड्रायव्हर दिवसभर बोलायचे. "मोरीवर आहे", "मोरी सोडली", "अरे कोण आहे मोरीवर", शिवाय जेवलास का, पंक्चर झालं, शेठ कुठं आहेत. ड्रायव्हर त्या सेटला पोपट म्हणायला लागले. रामभाऊ नावाचे एक ड्रायव्हर होते, ते म्हणाले, "साहेब, चौदा पोपट एका पिंजऱ्यात घातले तुम्ही. आता भांडणारच ना ते."

मी उपाय काढला. प्रत्येक गाडीला नंबर होताच. मी ऑफिसातून एकेक नंबर पुकारायचा, त्या गाडीनं उत्तर द्यायचं, बाकीच्यांनी गप्प राहायचं. आमच्या कारखान्यात असंच चाले. मी तक्ता टाइप करून प्रत्येक गाडीत लावला. पण चौदा गाड्या पुकारून होईपर्यंत तीन-चार मिनिटं जात, आणि तेवढ्यात मोरीपाशी पोहोचलेला माणूस आपला नंबर यायची वाट बघत मोरीवर चढूनही जाई. शिवाय मोरीच्या पलीकडं सखल भाग होता, तिथं माझा आवाज नीट पोहोचत नसे. गाड्यांना एकमेकींचं ऐकू येई, माझं येत नसे. पंधरा दिवसांत तक्त्याकडं कुणी बघेनासं झालं. मला कुणी काही बोललं नाही. शेठसुद्धा फक्त म्हणाले, "देखते हैं, शरदबाबू."

एक दिवस दुपारी भालेराव ऑफिसात आले. उंच माणूस, पन्नाशी उलटलेला, कमरेत थोडा वाकलेला. कानावर पेन्सिल. त्यांनी एका जुन्या कॅलेंडरचं पान माझ्या टेबलावर पालथं टाकलं. मागच्या कोऱ्या बाजूला रेघा आणि खुणा होत्या.

"हे काय?" मी विचारलं.

"आठ दिवस मोजलं साहेब. गाडी भरायला लागली की आमाला बसूनच ऱ्हावं लागतं. तवा सेट चालू ठेवून खुणा केल्या. कुठल्या जागेवरून बोलताना आवाज आदळतात, त्या."

"मग?"

"तुमी गाडीला नंबर दिला. तिथंच चुकलं."

असं तोंडावर बोलायची त्यांना सवय होती. त्यात उर्मटपणा नसे, पण गोडवाही नसे.

"आमच्या विठ्ठलवाडीच्या चाळीत पाणी कसं सोडतात माहितीये? गल्लीनं. साडेसहाला पहिली गल्ली, पावणेसातला दुसरी. कुणाच्या घरी किती माणसं, कोण आधी उठलं, काय बघत नाहीत. माणसाला नंबर दिला असता तर रोज डोकी फुटली असती. गल्लीला नंबर दिला म्हणून भांडण नाही. तसं आपण रस्त्याला नंबर देऊ."

त्यांनी अंबरनाथपासून बदलापूरपर्यंतच्या रस्त्याचे पाच तुकडे केले होते. पहिला कारखान्यांच्या गेटचा, दुसरा पाइपलाइनचा, तिसरा मोरीचा, चौथा बदलापूर गावच्या फाट्याचा, पाचवा तिकडच्या कारखान्यांचा. मिनिटाचे साठ सेकंद. पहिले दहा सेकंद पहिल्या तुकड्यातल्या गाडीचे, पुढचे दहा दुसऱ्याचे, असं. शेवटचे दहा ऑफिसचे. प्रत्येक तुकड्याच्या दहातही पहिले पाच बदलापूरकडं जाणाऱ्या गाडीचे, नंतरचे पाच तिकडून येणाऱ्या गाडीचे. एका तुकड्यात एकाच दिशेच्या दोन गाड्या असल्या तर पुढची बोलणार, मागची ऐकणार. आणि बोलायचं एवढंच: नंबर, जागा, भरलेली की खाली.

"म्हणजे जो मोरीपाशी आलाय त्याचीच पाळी, मिनिटातून एकदा नक्की," ते म्हणाले. "समोरचा पण तेवढ्यातच बोलणार, पाच सेकंदांनी. दोघांना कळलं. ऑफिसनं पुकारायची गरजच नाय."

मी कागद बघत राहिलो. चूक शोधत होतो. एक सापडली असं वाटलं.

"सगळ्यांची घड्याळं सेकंदाला सेकंद जुळायला पाहिजेत."

"रेडिओ आहे की गाडीत. सकाळच्या बातम्यांआधी ठोके पडतात, त्यातल्या शेवटच्या लांब ठोक्याला सगळ्यांनी काटा लावायचा. बदलापूरच्या गाड्यांना पण तोच रेडिओ."

एकोणतीस वर्षं मी रेडिओवर काम केलं होतं. रोज ते ठोके ऐकत दाढी केली होती.

दोन दिवसांत ती पद्धत सुरू झाली. पहिल्या दिवशी गोंधळ झाला, दुसऱ्या दिवशी कमी. तिसऱ्या दिवशी मी सेटसमोर बसून ऐकत होतो तर शिट्टी एकदाही वाजली नाही. "चार नंबर, पाइपलाइन, भरलेली." थोडी शांतता. "अकरा नंबर, मोरी, येतोय, खाली." दळण दळताना जात्याचा एकसारखा आवाज यावा तसं ते चाललं होतं. मला ते ऐकवत नव्हतं.

शेठ खूश झाले. "शरदबाबू, ये भालेराव को तो हमने ऐसे ही गाडी पे बिठा रखा है," म्हणाले. ड्रायव्हर त्या पद्धतीला 'भालेराव टाइम' म्हणू लागले. माझी बायको वृंदा स्वभावानं सरळ. मी घरी सगळं सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "किती साधं आहे नाही? तुम्हाला कसं सुचलं नाही?" तिनं सहज विचारलं होतं. मी पोळी तशीच ठेवून उठलो.

माझा पुतण्या यज्ञेश तेव्हा इलेक्ट्रॉनिक्सचं इंजिनियरिंग शिकत होता. दिवाळीला शिवमंदिराजवळच्या आमच्या घरी आला तेव्हा मी त्याला, आपलं ऑफिस कसं चालतं ते दाखवावं म्हणून, ती पद्धत सांगितली. कुणाची ते सांगितलं नाही. तो जेवता जेवता थांबला.

"काका, परदेशात यावरच संशोधन चाललंय. गाड्यांनी एकमेकींशी परस्पर बोलायचं आणि त्यांचे संदेश आदळू नयेत म्हणून जागेवरून वेळ वाटून द्यायची. आमच्या सरांनी परवाच सांगितलं. तुम्ही काढलीत ही?"

मी म्हणालो, "आमच्या इथं काढली."

त्यानं ते माझ्याच नावावर घेतलं आणि मी घेऊ दिलं. दोन दिवस मला फार छान वाटलं. तिसऱ्या दिवशी ऑफिसात भालेरावांचा आवाज सेटवर ऐकला आणि मी सेटचा आवाज कमी केला.

भालेरावांविषयी मी जरा नीट लिहायला हवं. ते मूळचे नाशिककडचे. वडील छप्पन्न सालच्या धर्मांतरानंतर गाव सोडून विठ्ठलवाडीला आले. हरिचंद्र बाविसाव्या वर्षापासून गाडी चालवत होते. दर रविवारी सकाळी चाळीजवळचा विहार झाडायचं काम त्यांच्याकडं, आणि ते दुसऱ्या कुणाला देत नसत, कारण दुसऱ्यांना कोपरे काढता येत नाहीत असं त्यांचं मत. कुठंही गेले की पावलं मोजायचे. दुसऱ्याच्या चहाला हात लावत नसत आणि आपला कुणाला पाजत नसत. गाण्याची आवड होती, गळा नव्हता. आपलं बरोबर आहे हे ठाऊक असलं की ते चेहऱ्यावर दिसायचं, आणि त्यांचं बहुतेक वेळा बरोबर असायचं. या माणसाचा राग यायला एवढं पुरे होतं, मला तरी.

त्यांची कंबर बिघडली होती. मणक्यात गॅप आहे, वर्षभरात गाडी सोडा, असं उल्हासनगरच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. गाडी सोडून करणार काय? कंपनीत बसून करायचं काम एकच होतं, आणि ती खुर्ची माझी होती.

जानेवारी २००७मधे शेठनी मला वर बोलावलं. म्हणाले, "भालेराव को मार्च से नीचे बिठाते हैं. वायरलेस वो देखेगा. आप उसको लिखापढी सिखा दो. आपके लिए भी कुछ देखेंगे."

'कुछ' म्हणजे काय ते मी विचारलं नाही. माझा स्वभाव विचारायचा नाही. खाली आलो, खुर्चीवर बसलो आणि ठरवलं की ही पद्धत निदान अर्धी तरी माझी करायची.

दुसऱ्या दिवशी मी टाइप केलेली सूचना लावली. यापुढं सर्व घड्याळं रेडिओवर न लावता रोज सकाळी आठ वाजता ऑफिसच्या घड्याळाशी जुळवावीत. कारण: अचूकता. खाली माझी सही.

भालेराव सूचना वाचून आत आले.

"बदलापूरच्या पाच गाड्या तिकडूनच निघतात. त्या सकाळी इथं येतच नाहीत."

"फोन करून विचारतील."

"करणार नाहीत. ते रेडिओवरच लावणार."

"मग काय बिघडलं? दोन्ही एकच."

ते भिंतीवरच्या घड्याळाकडं बघत उभे राहिले. आमच्याकडं घरोघरी असतं तसं ते पाच मिनिटं पुढं होतं. लोक वेळेवर यावेत म्हणून मीच ते पुढं केलं होतं.

"मिनटं पुढं असू द्या, मिनटांशी आपल्याला काय करायचं नाय. सेकंद काटा रेडिओशी जुळवलाय ना तुमी?"

"हो," मी म्हणालो.

जुळवला नव्हता. घड्याळ पुढं करताना सेल काढून परत घातला होता, काटा जिथं थांबला तिथून सुरू झाला होता. तेवढं पुरेल असं मला वाटलं. किंवा तसं वाटून घेतलं. भालेरावांनी मान हलवली आणि तिथंच उभं राहून आपलं मनगटी घड्याळ जुळवलं. "घड्याळ सगळ्यांचं एक पाहिजे," म्हणाले. "ऑफिसचं तर ऑफिसचं." शिकलेल्या माणसानं जुळवलं म्हटल्यावर त्यांनी परत तपासलं नाही. इतर कुणाचंही तपासलं असतं.

त्या दिवशी दुपारपासून शिट्टी परत वाजायला लागली.

तिसऱ्या दिवशी मी लहान रेडिओ घेऊन लवकर ऑफिसात गेलो. शेवटचा लांब ठोका पडला तेव्हा भिंतीवरचा सेकंद काटा अकरावर होता. बरोबर पाच सेकंद मागं. मी कागदावर मांडून बघितलं. अंबरनाथहून ऑफिसच्या घड्याळावर निघालेली गाडी आपल्या पाळीला पाच सेकंद उशिरा बोलणार. म्हणजे नेमकी तेव्हाच, जेव्हा त्याच तुकड्यातून रेडिओच्या घड्याळावरची बदलापूरची गाडी समोरून येताना बोलणार. इतर कुठलीही चूक झाली असती तर कुणाचं तरी ऐकू आलं असतं. या चुकीत ज्यांनी एकमेकांचं ऐकायला हवं होतं त्या दोघांचंच एकमेकांवर आदळत होतं.

काटा पाच सेकंद पुढं करायला किती वेळ लागतो? पण तो पुढं केला तर नऊ ड्रायव्हरांना सांगावं लागणार होतं की परत जुळवा, आणि का ते सांगावं लागणार होतं. वाटलं, चार दिवस जाऊ देत, मग गुपचूप सूचना काढून टाकू. आणि दुसरंही एक वाटलं. ड्रायव्हर कुरकुरायला लागले होते. रामभाऊ म्हणाले होते, "भालेराव टाइमचे बारा वाजले." ते ऐकून मला बरं वाटलं होतं. सहा दिवस मी ती शिट्टी ऐकत बसलो.

नवव्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास मोरीच्या वेळेला मोठी शिट्टी झाली. मी पुढच्या मिनिटाची वाट बघितली. त्या मिनिटाला मोरीचे दहा सेकंद रिकामे गेले.

बदलापूर गावातला मिलिंद नावाचा तरुण ड्रायव्हर खाली टँकर घेऊन येत होता. समोरून भालेराव भरलेला टँकर घेऊन जात होते. दोघांनी सांगितलं होतं. दोघांना वाटलं, समोर कुणी नाही. मोरीवर समोरासमोर आले तेव्हा मिलिंदनं गाडी डावीकडं घातली, ती कठड्याला घासत नाल्याच्या उतारावर कलली. त्याचं खांद्याचं हाड मोडलं. भालेरावांनी ब्रेकवर उभं राहून भरलेली गाडी थांबवली. टँकरमधला एक थेंबही सांडला नाही. पण त्यांना गाडीतून उतरता येईना. चौघांनी उचलून काढलं.

शेठ त्या दिवशी चिडलेले होते. "तमाशा बंद. सोमवारपासून सगळे मोबाइल वापरा. और भालेराव को नीचे बिठाने की बात भी खतम. जिस आदमी का हिसाब मोरी पे गलत निकला उसको मैं कुर्सी दूँ?"

मला म्हणाले, "आप बैठो आपकी जगह."

मला जे हवं होतं ते सगळं मला मिळालं होतं.

दोन दिवसांनी डझनभर केळी घेऊन मी विठ्ठलवाडीला गेलो. भालेराव खोलीत फळीवर उताणे पडले होते. त्यांच्या पत्नी गयाबाईंनी मला स्टूल दिलं.

"चहा घेता ना, का नको आमच्याकडचा?"

"घेतो की."

"न्हाय, विचारलं आपलं. आमचे हे दुसऱ्याकडं घेत न्हाईत, म्हणून सगळे तसलेच वाटत्यात."

भालेरावांच्या छातीवर तोच कॅलेंडरचा कागद होता. त्यांनी तो माझ्याकडं दिला. सगळीकडं नव्यानं खोडाखोड होती.

"दोन दिवसांपासून मांडतोय. कुठं चुकलं ते सापडंना. मी दिलेली पाळी बरोबर, मिलिंद खोटं बोलणारा पोरगा न्हाय. म्हणजे माझ्याच डोक्यात कायतरी कमी पडलं. एवढ्याश्या डोक्यानं एवढ्या गाड्यांची जबाबदारी घ्यायला नको होती."

"असं काही नाही," मी म्हणालो.

"न्हाय, हाय. तुमी शिकलेले. घरी नेऊन बघा जरा. मला कुठं चुकलं तेवढं कळलं की बास. मग शेठनी काढलं तरी चालंल."

"काढलं तर कसं चालंल?" गयाबाई चहा गाळता गाळता म्हणाल्या. "तुमाला चालंल. चूल तुमी पेटवत न्हाई ना."

वर्षभर मला हेच हवं होतं, की या माणसाला एकदा तरी आपलं चुकलं असं वाटावं. ते आता माझ्यासमोर फळीवर पडलेलं होतं. मी चहा प्यालो. "बघतो," म्हणालो आणि कागद घेऊन निघालो. विठ्ठलवाडी स्टेशनपर्यंत कितीतरी वेळा परत फिरायचं मनात आलं. फिरलो नाही. समोर बसून सांगणं मला कधीच जमलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी शनिवार होता. सोमवारपासून सेट बंद होणार होते. मी सकाळीच ऑफिसात आलो, सेटसमोर बसलो आणि आधी लहान रेडिओवर नऊच्या ठोक्यांना माझं मनगटी घड्याळ लावलं. गाड्या रस्त्यावर होत्या. शेठची मोटार उल्हासनगरहून निघाली होती, म्हणजे तेही ऐकत होते. मिनिटाचे शेवटचे दहा सेकंद ऑफिसचे. मी काय बोलायचं ते कागदावर लिहिलं. फार लांब झालं. खोडलं. पुन्हा लिहिलं. सात मिनिटं अशीच गेली. आठव्या मिनिटाला काटा दहावर आला तेव्हा बटण दाबलं.

"ऑफिस. आपलं घड्याळ पाच सेकंद मागं होतं. मला माहीत होतं. भालेरावांचा हिशोब बरोबर. चूक माझी."

बटण सोडलं. दोन सेकंद उरले होते. ते रिकामे गेले.

मग पाळी न बघता तीन-चार जण एकदम बोलले आणि मोठी शिट्टी झाली. त्यातून रामभाऊंचं एकच वाक्य नीट ऐकू आलं. "अरे एकेक जण बोला, भालेरावांनी तेवढ्यासाठीच तर पाळ्या लावल्या ना."

शेठनी आल्या आल्या मला वर बोलावलं. ओरडले नाहीत. "पाच सेकंद के लिए, शरदबाबू?" एवढंच म्हणाले. मी म्हणालो, भालेरावांना खुर्ची द्या, मी लिखापढी शिकवतो आणि जातो. ते म्हणाले, सेट चालू राहतील, शिकवा आधी, मग बघू.

महिन्याभरानं भालेराव कमरेला पट्टा बांधून ऑफिसात आले. मी खुर्ची सोडून बाजूच्या बाकावर बसलो. त्यांनी आधी खुर्ची मागंपुढं सरकवून पाठीला बेताची केली. नमस्कार नाही, आभार नाही.

"कितव्या दिवशी कळलं होतं तुमाला?"

"तिसऱ्या."

"आणि अपघात नवव्या दिवशी."

"हो."

"सहा दिवस." ते सेटकडं बघत म्हणाले. "मी फळीवर पडून डोकं फोडत होतो. माझं डोकं गेलं का काय असं वाटायला लागलं होतं. तुमी केळी घेऊन आलात."

मी टेबलावरची रोजनिशी उघडली, परत मिटली.

"मला सांगून झालं. मिलिंदला सांगितलं?"

"सेटवर सगळ्यांना सांगितलं."

"मिलिंदच्या गाडीत आता सेट न्हाय. गाडीच न्हाय. त्याच्या घरी जा."

मग त्यांनी रोजनिशीचं पुस्तक पुढं ओढलं आणि विचारलं, "तारीख कुठं घालायची?" मी दाखवलं. पंधरा दिवस मी त्यांना शिकवलं. त्यांना दहाच लागले असते, पण पंधरा म्हटलं होतं म्हणून ते पंधरा दिवस शिकले.

भालेराव आले त्याच आठवड्यातल्या रविवारी मी बदलापूर गावात गेलो. मिलिंद ओसरीवर हात गळ्यात बांधून बसला होता. त्याची आई तांदूळ निवडत होती. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. पाच सेकंद, तिसरा दिवस, सहा दिवस. आई सूप खाली ठेवून आत गेली, ती मी असेपर्यंत बाहेर आली नाही.

"हाड जुळेल म्हणतात डॉक्टर," मिलिंद म्हणाला. "गाडी चालवायला वेळ लागेल. शेठ तोपर्यंत अर्धा पगार देणार." मग त्यानं विचारलं, "भालेरावकाकांना खुर्ची मिळाली ना पण?"

"मिळाली."

"मग ठीक आहे," तो म्हणाला, आणि त्याचा चेहरा मी आल्यापासून पहिल्यांदा उजळला.

मी एवढ्या लांब जाऊन, लाज गिळून, त्याची माफी मागितली होती, आणि त्या पोराला आनंद झाला तो भालेरावांना खुर्ची मिळाल्याचा. फाट्यापर्यंत चालत येताना मला त्याचंच वाईट वाटत होतं. मिलिंदच्या हाताचं वाटायला हवं होतं, तेही वाटत होतं, पण ते नंतर.

भालेरावांनी ती खुर्ची पुढं सहा वर्षं सांभाळली. मी मार्चअखेर कंपनी सोडली. शेठनी ठेवलं असतं, पण बाजूच्या बाकावर बसून दिवसभर तो आवाज ऐकणं मला झेपलं नसतं. त्या सहा वर्षांत मोरीवर एकदाही गाड्या समोरासमोर आल्या नाहीत, असं रामभाऊ भेटले की सांगतात. दर वेळी सांगतात. मी दर वेळी, चांगलं झालं, म्हणतो. आणि चांगलं झालं यात शंका नाही.